एआरएफ विमान : जोडणीपासून पहिल्या लँडिंगपर्यंत या चुका टाळा

रेडिओ-नियंत्रित विमान पहिल्याच उड्डाणात पडले की दोष वाऱ्याला दिला जातो, नाहीतर रिमोटला. पडलेले अवशेष गोळा करून टेबलावर मांडले तर मात्र बहुतेक वेळा सुटलेला हिंज (बिजागरी), सैल झालेली फायरवॉल (मोटर जिच्यावर बसते ती फळी), मागे गेलेला गुरुत्वमध्य किंवा उलट दिशेने हलणारा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) हाती लागतो. एआरएफ, म्हणजे ‘ऑलमोस्ट रेडी टू फ्लाय’, विमानाच्या खोक्यात पंख, धड आणि शेपूट तयार असतात, त्यांवर रंगीत कव्हरिंगही (उष्णतेने ताणले जाणारे प्लॅस्टिकचे पातळ आवरण) चढवलेले असते, आणि सोबतची पुस्तिका हे काम दोन-तीन संध्याकाळींचे असल्याचे सांगते. ती पुस्तिका लिहिणाऱ्याने मराठवाड्यातील एप्रिल पाहिलेला नसतो. येथील कोरडा उन्हाळा, पठाराची उंची आणि काळी जमीन या तिन्ही गोष्टी जोडणीत आणि उड्डाणात प्रत्यक्ष फरक पाडतात, आणि पुस्तिकेत त्यांचा उल्लेखही नसतो.

पुढील विवेचनात सुमारे १.४ मीटर पंखविस्ताराचे, उंच पंखाचे, इलेक्ट्रिक मोटरवर चालणारे आणि बॅटरीसह दोन किलोंच्या आत बसणारे ट्रेनर, म्हणजे शिकण्यासाठीचे, विमान गृहीत धरले आहे. नवशिक्याने याच प्रकारापासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्लो इंजिनाचा आवाज कितीही मोहक असला, तरी मिथेनॉल, तेल आणि नायट्रोमिथेन यांचे ते इंधन जिल्ह्याच्या ठिकाणी सहज मिळत नाही.

खोका उघडल्यावरची घाई

या विमानांपैकी बरीचशी चीन किंवा व्हिएतनाममधील कारखान्यांत तयार होतात आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद होऊन येतात. मार्च महिन्यात लातूर किंवा बीडमध्ये ती पिशवी उघडली की बाल्सा लाकडातील ओलावा कमी होऊ लागतो, लाकूड किंचित आकसते आणि कालपर्यंत ताठ असलेल्या कव्हरिंगवर सुरकुत्या येतात. माल खराब निघाला असे समजून त्याच दिवशी हीट गन फिरवणे ही पहिली चूक होय. कडा पक्क्या चिकटलेल्या नसताना मधला भाग तापवला तर कव्हरिंग कडेपासून सुटून येते, आणि पंखाची एकच बाजू जास्त ताणली गेली तर पंखाला पीळ बसतो. सुटे भाग काही दिवस खोलीत सावलीत उघडे ठेवावेत, नंतर प्रथम सर्व कडा आणि जोड छोट्या इस्त्रीने दाबून घ्यावेत, आणि त्यानंतरच मधला भाग कमी उष्णतेवर, वरची आणि खालची बाजू आळीपाळीने घेत ताणावा. पीळ तपासण्यासाठी स्वयंपाकघरातील कडप्प्याचा ओटा उत्तम असतो. त्यावर पंख ठेवला आणि एखादा कोपरा डुगडुगला, तर त्या कोपऱ्याला उलट बाजूने हलका पीळ देऊन धरावे आणि तसे धरूनच कव्हरिंग पुन्हा तापवावे.

कारखान्यात लावलेल्या डिंकावर विसंबणे ही त्याहून महागात पडणारी चूक आहे. मोटर जिच्यावर बसते ती फायरवॉल आणि चाकांचा सांगाडा जिच्यावर बसतो ती प्लायची पट्टी, हे दोन जोड बोटाने दाबून आणि टॉर्च लावून पाहावेत. अनेकदा तेथे डिंकाचे मोजके थेंबच दिसतात. सावकाश कडक होणारे इपॉक्सी घेऊन दोन्ही ठिकाणी आतल्या कोपऱ्यांतून जाडसर रेघ भरून घ्यावी. वजन काही ग्रॅमने वाढेल, परंतु खडबडीत माळावर उतरताना चाकांसकट तळ उखडून येणार नाही.

चिकटवण्याच्या द्रव्यांचा उन्हाळा

इपॉक्सी कडक होणे ही रासायनिक अभिक्रिया आहे आणि तापमान दहा अंशांनी वाढले की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यामुळे ‘पाच मिनिटांचे’ इपॉक्सी चाळीस अंशांच्या खोलीत दोन मिनिटांतच ओढू लागते, आणि वाटीत एकदम जास्त मिसळले तर स्वतःच्या उष्णतेनेच गोळा होते. पंखाचे दोन अर्धे भाग जोडताना मधली पट्टी अर्धी आत गेलेली असताना असे झाले, तर पंख वाचवण्याचा कोणताही सभ्य मार्ग उरत नाही. पंखाची जोडणी, फायरवॉल आणि शेपूट यांसाठी तीस मिनिटांचे इपॉक्सी वापरावे आणि काम पहाटे किंवा रात्री करावे.

फेव्हिक्विकसारख्या सायनोॲक्रिलेट द्रव्याचे नेमके उलट आहे. ते पृष्ठभागावरील आणि हवेतील ओलाव्यामुळे कडक होते, म्हणून मे महिन्याच्या कोरड्या हवेत ते अपेक्षेपेक्षा सावकाश पकडते. चिकटले नाही असे वाटून माणूस आणखी थेंब टाकतो, आणि ते जादा द्रव्य हिंजच्या मधल्या रेषेत जाऊन कंट्रोल सरफेस (विमान वळवणारा हलता भाग) लाकडासारखा ताठ करते. कापडी हिंजसाठी पातळ प्रकारच वापरावा. हिंजच्या मध्यावर टाचणी टोचून तो दोन्ही बाजूंना सारखा आत जाईल असे पाहावे, टाचणी काढून दोन्ही बाजूंनी मोजके थेंब सोडावेत, आणि रात्रभर थांबून प्रत्येक एलेरॉन, एलिव्हेटर (आडव्या शेपटाचा हलता भाग) व रडर (उभ्या शेपटाचा हलता भाग) बऱ्यापैकी जोर लावून ओढून पाहावा. जो हिंज हाताने ओढून निघतो, तो आकाशात निघण्यापूर्वी निघाला हे चांगलेच झाले.

शेपूट चिकटवण्यापूर्वी मधल्या भागावरील कव्हरिंग काढावे लागते, कारण डिंक लाकडाला धरतो, प्लॅस्टिकला नाही. हे कव्हरिंग कापताना कटरचे पाते बाल्सात उतरले तर त्या रेघेवर आडव्या शेपटाची ताकद संपते, आणि अशी शेपटी जमिनीवर काहीही न दाखवता पहिल्या जोरदार वळणात त्याच रेघेवर मोडते. नवे पाते आणि अतिशय हलका हात वापरावा. त्याहून बरे म्हणजे बारीक टोकाच्या तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने रेघ ओढावी, म्हणजे कव्हरिंग वितळते आणि लाकूड शाबूत राहते. चिकटवताना पंखाच्या दोन्ही टोकांपासून शेपटाच्या त्याच बाजूच्या टोकापर्यंत दोऱ्याने अंतर मोजावे. दोन्ही अंतरे सारखी आली पाहिजेत. मागून पाहता आडवी शेपटी पंखाला समांतर दिसली पाहिजे. नजरेने ‘बरोबर वाटते’ एवढ्यावर थांबू नये.

सर्व्हो, रिमोट आणि उलट दिशा

सर्व्होचा (हे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरचा) आर्म बसवण्यापूर्वी रिमोट चालू करून, ट्रिम (स्टिकचा मध्य किंचित सरकवणारी सोय) शून्यावर ठेवून सर्व्हो मध्यावर आणला पाहिजे. अनेक जण आधी आर्म घट्ट करतात आणि मग आलेला तिरकेपणा रिमोटमधील सब-ट्रिमने झाकतात, त्यामुळे एका बाजूची हालचाल कमी आणि दुसरीकडची जास्त होते. कंट्रोल हॉर्नची (हलत्या भागावर बसणाऱ्या, सर्व्होची तार जोडायच्या शिंगाची) छिद्रे हिंजच्या रेषेच्या बरोबर वर आली नाहीत, तरीही हाच दोष येतो. क्लेव्हिस (तारेच्या टोकाची, हॉर्नमध्ये अडकणारी कडी) निसटू नये म्हणून त्यावर सिलिकॉन नळीचा छोटा तुकडा सरकवावा. तो विसरणे क्षुल्लक वाटते, परंतु एलिव्हेटरचा क्लेव्हिस हवेत उघडला तर पुढचे काहीच आपल्या हाती राहत नाही.

एवढे झाल्यावर दिशा तपासाव्यात, आणि हे काम दर वेळी, दर उड्डाणापूर्वी करावे. विमानाच्या मागे उभे राहून स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर आणि डावा खाली गेला पाहिजे. स्टिक आपल्याकडे ओढली की एलिव्हेटर वर गेला पाहिजे. रडर उजवीकडे दिला की तो उजवीकडे वळला पाहिजे. एलेरॉन उलटे असताना विमान धावते, उचलतेही, आणि पहिल्या दुरुस्तीबरोबर उलटे होते. दुसऱ्याच विमानाची मेमरी रिमोटमध्ये निवडलेली राहिली तरी हाच प्रकार घडतो, म्हणून केवळ नव्या विमानाच्या वेळीच सावध राहावे असे नाही. एक्स्पोच्या (स्टिकच्या मध्याजवळचा प्रतिसाद बदलणाऱ्या सेटिंगच्या) बाबतीतही गाफील राहू नये. फुटाबाच्या रिमोटमध्ये मधली हालचाल मवाळ करण्यासाठी उणे आकडा द्यावा लागतो, तर स्पेक्ट्रममध्ये अधिक. मित्राच्या सेटिंगचे आकडे तसेच उतरवले तर मवाळ होण्याऐवजी विमान मध्यावरच भडक प्रतिसाद देऊ लागते.

रिसिव्हरच्या (विमानातील, रिमोटचे संदेश घेणाऱ्या यंत्राच्या) दोन्ही अँटेना एकमेकींशी काटकोनात आणि बॅटरी, मोटर किंवा कार्बन फायबरच्या भागांपासून दूर ठेवाव्यात. रिमोटवर रेंज चेकची सोय असते. ती वापरून, पुस्तिकेत दिलेल्या अंतरापर्यंत चालत जाऊन सर्व सर्व्हो सुरळीत हलतात का ते पाहावे. फेलसेफमध्ये (रिमोटचा संदेश तुटल्यावर आपोआप लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये) थ्रॉटल, म्हणजे मोटरची गती, पूर्ण बंद होईल असे ठरवून, प्रोपेलर काढून ठेवून, रिमोट बंद करून ते प्रत्यक्ष तपासावे. टेबलावरील कोणत्याही कामात प्रोपेलर लावलेला नसावा. दोन किलो वजनाचे विमान उचलणारा प्रोपेलर बोटांची काय अवस्था करू शकतो, हे सांगण्याची गरज नाही.

गुरुत्वमध्य

येथे घाई करणाऱ्याचे विमान वाचत नाही. ट्रेनरच्या सरळ आयताकृती पंखात गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या सुमारे २५ ते ३३ टक्क्यांवर असावा लागतो. पंख २४ सेंटिमीटर रुंद असेल तर हे अंतर सहा ते आठ सेंटिमीटर येते. पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेतील पुढचा आकडा पहिल्या उड्डाणासाठी घ्यावा. उंच पंखाचे विमान सरळ ठेवून, बॅटरी, प्रोपेलर आणि हॅचसह (बॅटरीवरच्या झाकणासह) सर्व काही जागेवर असताना, पंखाखाली दोन्ही बाजूंना बोटे ठेवून उचलावे. नाक किंचित खाली झुकलेले दिसले तर ठीक. बॅटरी न ठेवता तपासणे ही सर्वांत वारंवार होणारी चूक आहे, कारण चार सेलची ३३०० एमएएच बॅटरी सुमारे साडेतीनशे ग्रॅमची असते आणि तिची जागा थोडी बदलली की सगळे गणित बदलते. शिसे लावण्याचा विचार बॅटरी पुढे-मागे सरकवून पाहिल्यानंतर करावा, आणि योग्य जागा सापडली की तेथे खूण करून बॅटरी वेल्क्रो आणि पट्ट्याने बांधावी. हवेत मागे सरकलेली बॅटरी म्हणजे हवेत बदललेला गुरुत्वमध्य.

नाक जड असलेले विमान आळशी उडते, उतरताना लांब जाते, पण घरी येते. शेपूट जड असलेले विमान एलिव्हेटरच्या किंचित स्पर्शाने उसळते, कोसळते आणि सावरायला वेळ देत नाही. शंका असेल तर नाक जड ठेवावे. गुरुत्वमध्याची अचूक जागा नंतर हवेत ठरवता येते: पुरेशा उंचीवर विमान समतल उडेल असे ट्रिम करावे, नाक तीस-चाळीस अंश खाली करून स्टिक सोडावी. विमान जोराने वर उठू लागले तर नाक जड आहे. उलट आणखी खाली वाकत गेले तर शेपूट जड आहे, आणि त्याला लगेच सावरून उतरवावे.

जागा, हवा आणि नियम

छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर चाळीस अंश तापमान असेल तर हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाण हवेपेक्षा सुमारे चौदा टक्क्यांनी कमी भरते. त्याच मैदानावरील डिसेंबरच्या थंड सकाळशी तुलना केली तरी हवा आठ-नऊ टक्के विरळ असते. पंखाला उचल आणि प्रोपेलरला ओढ या दोन्ही गोष्टी हवेच्या घनतेतून मिळत असल्याने मे महिन्यात विमानाला धावायला जास्त जागा लागते, ते चढते कमी, आणि त्याचा स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंखाची उचल संपून विमान कोसळते तो) वाढतो. मोटर, ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे सर्किट) आणि बॅटरी यांना थंड करणारी हवाही तापलेली असते, म्हणून वॅटमीटर लावून घेतलेला करंट ईएससीच्या मर्यादेच्या बराच खाली राहील असा प्रोपेलर निवडावा आणि धडात हवा आत येण्याबरोबरच बाहेर जाण्याचीही वाट मोकळी ठेवावी. आत येण्याची वाट सर्वांना सुचते, बाहेर जाण्याची फार थोड्यांना.

तापलेल्या नांगरटीवरून दुपारी उठणारे गरम हवेचे झोत आणि वावटळी हलक्या ट्रेनरला सहज उलथवतात. जून-जुलैतील नैर्ऋत्येचा वारा सलग आणि जोरदार असतो. पहिले उड्डाण ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी या काळात, सूर्योदयानंतरच्या दोन तासांत करावे. संक्रांतीच्या आसपास पतंगांच्या मांजापासून दूर राहावे.

जमिनीची निवडही विचाराने करावी. उन्हाळ्यातील काळ्या जमिनीच्या भेगांत छोटे चाक अडकून पुढचा पाय तुटतो. सोयाबीन किंवा ज्वारी काढलेल्या रानातील धसकटे पंखाच्या खालच्या कव्हरिंगला भोके पाडतात, आणि पऱ्हाट्या उभ्या असलेले शेत तर टाळावेच. मुरमाचे सपाट माळरान किंवा गायरान चांगले, आणि त्यावरही कारखान्याच्या चाकांऐवजी एक माप मोठी चाके बसवावीत. आजूबाजूला ऊस आहे का, हे आधी पाहावे. उभ्या उसात पडलेले विमान सापडेपर्यंत दिवस मावळतो, आणि सापडेपर्यंत झालेल्या पायमल्लीचा हिशेब शेतमालक मागतोच. विजेच्या तारा, रस्ता, गुरे आणि माणसे यांच्यावरून उडणार नाही अशी उड्डाणाची बाजू ठरवावी, आणि जमिनीच्या मालकाबरोबर गावच्या पोलीस पाटलालाही आधी सांगावे. आकाशात काही घिरट्या घालताना दिसले की हल्ली लोकांना ड्रोनचा संशय येतो, आणि तो उड्डाणानंतर दूर करण्यापेक्षा आधी दूर करणे सोपे जाते.

ड्रोन नियम, २०२१ हे चार पंख्यांच्या ड्रोनपुरतेच आहेत, हा गैरसमज आहे. दुरून चालवले जाणारे स्थिर पंखांचे विमानही त्यांच्या कक्षेत येते. विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, त्यामुळे चिकलठाणा, नांदेड आणि लातूर येथील विमानतळांजवळ राहणाऱ्यांनी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरील नकाशा पाहूनच जागा ठरवावी. दोन किलोंपर्यंतचे विमान छंदासाठी उडवताना या नियमांनुसार रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. विमान त्या वजनात ठेवण्याचे हेही एक कारण आहे. नोंदणीचा प्रश्न मात्र वेगळा आहे, तो विमान घेण्यापूर्वीच पाहून घ्यावा.

धावपट्टीवर आणि हवेत

विमान वाऱ्याच्या समोर ठेवावे आणि थ्रॉटल सावकाश वाढवावा. एकदम पूर्ण थ्रॉटल दिला की विमान डावीकडे ओढ घेते, आणि नवशिका ते एलेरॉनने सरळ करू पाहतो. जमिनीवर दिशा रडरने सांभाळायची असते. पुरेसा वेग येण्यापूर्वी एलिव्हेटर ओढून विमान उचलले तर ते काही मीटर चढते, एक पंख खाली टाकते आणि त्याच बाजूला कोसळते. विरळ हवेत ही चूक आणखी लवकर अंगाशी येते. उचलल्यावर सरळ चढू द्यावे, घाईने वळवू नये, आणि तीसेक मीटर उंचीवर पोहोचल्यावर थ्रॉटल कमी करून ट्रिम लावावे.

विमान आपल्या दिशेने येत असताना डावे-उजवे उलटे वाटते. अशा वेळी जो पंख खाली झुकलेला दिसतो त्याच बाजूला स्टिक न्यावी, म्हणजे विमान सरळ होते. हे शब्दांत सोपे असले तरी हातात यायला सिम्युलेटरवर बरेच तास द्यावे लागतात, आणि सिम्युलेटरचा खर्च एका तुटलेल्या पंखापेक्षा कमी असतो. पहिल्या उड्डाणासाठी अनुभवी माणूस मिळत असेल तर रिमोट त्याच्या हाती देण्यात कमीपणा मानू नये. त्याचा रिमोट मोड एकचा आहे की मोड दोनचा (म्हणजे थ्रॉटल कोणत्या हाताच्या स्टिकवर आहे), हे मात्र आधी विचारावे.

वाऱ्याबरोबर उडतानाचा धोका समजून घेण्यासारखा आहे. समजा विमान हवेच्या तुलनेत ताशी ४० किलोमीटर वेगाने जात आहे आणि वारा १५ चा आहे. वाऱ्याबरोबर जाताना जमिनीवरून ते ५५ ने पळताना दिसते, आणि ‘फारच वेगात आहे’ असे वाटून उडवणारा ते डोळ्यांना ४० दिसेपर्यंत थ्रॉटल कमी करतो. तेव्हा हवेच्या तुलनेत वेग फक्त २५ उरतो. अशा ट्रेनरचा स्टॉल ३० च्या आसपास होत असल्याने विमान त्याच क्षणी, बहुधा लँडिंगसाठी वळताना, पंख टाकते. म्हणून वाऱ्याबरोबर जाताना थ्रॉटलला नजरेच्या अंदाजाने हात लावू नये, आणि वळण झाल्यावर, वाऱ्यासमोर आल्यावरच वेग कमी करावा. उतरताना उंची थ्रॉटलने आणि वेग एलिव्हेटरने सांभाळावा. धावपट्टी ओलांडून जाणार असे दिसले तर नाक खाली न दाबता थ्रॉटल देऊन पुन्हा फेरी मारावी. मोटर बंद पडली तर मात्र कमी उंचीवरून मागे वळण्याचा मोह टाळून समोर जी जमीन असेल तिच्यावर उतरवावे.

काही लक्षणे आणि त्यांची कारणे

बॅटरी जोडल्यावर ईएससी सतत बीप करत राहतो आणि मोटर फिरत नाही, तेव्हा थ्रॉटल सर्वांत खाली नसतो किंवा त्याचे चॅनेल उलट असते. फुटाबाच्या रिमोटमध्ये ते बहुधा रिव्हर्स करावे लागते. मोटर थरथरते पण फिरत नाही, तर तीन वायरींपैकी एकीचा जोड सैल असण्याची शक्यता मोठी. मोटर उलट फिरत असेल तर कोणत्याही दोन वायरींची अदलाबदल करावी. ती सुलट फिरूनही ओढ कमी वाटली, तर प्रोपेलर उलटा बसवलेला नाही ना ते पाहावे. अक्षरे कोरलेली बाजू पुढे हवी.

थ्रॉटल वाढवताच नाक जोरात वर जाणे बहुधा मोटरचा खाली झुकलेला कोन कमी पडल्याचे लक्षण असते, आणि डावीकडे ओढ असेल तर उजवा कोन तपासावा. उंच पंखाचे ट्रेनर वेग वाढल्यावर थोडे चढणारच, हे लक्षात ठेवून पुढच्या उड्डाणापूर्वी मोटर माउंट आणि फायरवॉल यांच्यामध्ये पातळ वॉशर घालावे. वेगात असताना अचानक भुंग्यासारखा गुणगुण आवाज आला तर तो फ्लटर, म्हणजे हलत्या भागाची वेगवान फडफड, आहे: थ्रॉटल तत्काळ कमी करावा, विमान हळू उतरवावे आणि हिंज, क्लेव्हिस, सर्व्होचे स्क्रू यांतील ढिलाई दूर केल्याशिवाय पुन्हा उडवू नये. सर्व्हो एकत्र हलवल्यावर रिसिव्हरचा दिवा क्षणभर विझत असेल तर बीईसी (रिसिव्हर आणि सर्व्होंना वीज देणारे सर्किट) अपुरा आहे, आणि ते विमान जमिनीवरच राहू द्यावे.

बॅटरी प्रत्येक सेल ३.७ व्होल्टच्या आसपास असतानाच विमान उतरवावे, त्यासाठी रिमोटवर टायमर लावावा, आणि सुरुवातीला तो पाच मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ही लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी ठेवणे धोक्याचे आहे, कारण बंद गाडीतील तापमान ६० अंशांपलीकडे सहज जाते. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. पहिल्या दिवसाची उड्डाणे संपली की मोटर माउंट, चाकांचा सांगाडा आणि पंखांचे बोल्ट पुन्हा आवळावेत, फायरवॉलच्या कोपऱ्यांत नवी भेग दिसते का ते टॉर्चने पाहावे, आणि पुढचा रविवार लांब असेल तर बॅटरी सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून घरातील थंड जागी ठेवावी.